कमी बेरजेची निविदा महाग कधी पडते?

सार्वजनिक बांधकामांची परिमाणपत्रकं (कुठलं काम किती करायचं याच्या बाबनिहाय याद्या) आणि निविदांचे तुलनात्मक तक्ते तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. म्हणून असेल, निविदांबद्दलची तुमची पत्रं मी सगळ्यात आधी उघडते. या अंकासाठी त्यातली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या तिघांच्या शंकांचं मूळही बरंचसं तिथेच आहे.

प्रश्न : ताई, मी निविदा छाननीच्या कामात नवीन आहे. रस्त्याच्या एका कामात सर्वात कमी देकार (निविदेत भरलेली रक्कम) देणाऱ्याची एकूण रक्कम अंदाजपत्रकाच्या जवळ आहे. पण बाबनिहाय दर पाहिले तर मातीतल्या खोदाईचा दर निम्म्याहून कमी आणि कठीण खडकातल्या खोदाईचा दीडपटीहून जास्त. वरिष्ठ म्हणतात, बेरीज कमी आहे ना, मग दरांत कशाला शिरायचं? मला मात्र चैन पडत नाही.

तुमची शंका रास्त आहे. वरिष्ठांचं म्हणणं खरं ठरण्यासाठी परिमाणपत्रकातलं प्रत्येक परिमाण प्रत्यक्षात जसंच्या तसं निघावं लागेल. बाबनिहाय दराच्या कंत्राटात पैसे जातात ते साइटवरच्या मोजमापावर. निविदा उघडताना वाचली जाणारी बेरीज मात्र आपणच अंदाजाने लिहिलेल्या परिमाणांवर उभी असते. तिच्यावरून निविदाकारांचे क्रमांक लागतात, देयक तिच्यावरून निघत नाही.

तुमच्यासारखंच उदाहरण आकड्यांत मांडते. चलन कुठलंही धरा. मातीतली खोदाई ६,००० घनमीटर, कठीण खडकातली १,००० घनमीटर. पहिल्या निविदाकाराचा मातीचा दर २०, खडकाचा १००. त्याची बेरीज २,२०,०००. दुसऱ्याचा मातीचा दर ८, खडकाचा १६५. त्याची बेरीज २,१३,०००. दुसरा ७,००० ने स्वस्त, म्हणून काम त्याला.

आता खोदाई सुरू झाली आणि खडक अपेक्षेपेक्षा वर लागला असं समजा. माती ४,००० घनमीटर निघाली, खडक ३,०००. पहिल्याला काम दिलं असतं तर देयक झालं असतं ३,८०,०००. दुसऱ्याचं होतं ५,२७,०००. ज्याला स्वस्त म्हणून निवडलं, तो १,४७,००० ने महाग पडला.

यापुढचा हिशेब फार लोक करत नाहीत, आणि खरा उपयोग त्याचाच आहे. माती किती घनमीटरने कमी होऊन तेवढाच खडक वाढला, तर या दोघांचा क्रम उलटतो? घनमीटरमागे पहिल्याचं देयक ८० ने वाढतं, दुसऱ्याचं १५७ ने. फरक ७७. सुरुवातीचं ७,००० चं अंतर त्याने भागा, उत्तर येतं ९१ घनमीटर. सात हजार घनमीटरच्या खोदाईत नुसते ९१ घनमीटर इकडचे तिकडे झाले की स्वस्त-महाग उलटंपालटं! भूस्तराचा एवढा बिनचूक अंदाज देणारा अहवाल मी तरी पाहिलेला नाही. तुमच्या कामाचे दर घालून या ९१ सारखा आकडा काढा आणि वरिष्ठांसमोर ठेवा. त्यांनाही तो टाळता येणार नाही.

असा वाकडा दर दिसला की लोक ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडतात. मी आधी परिमाणपत्रक उघडते. खडकाला जास्त आणि मातीला कमी दर लावणाऱ्याने बहुधा आपल्या कागदातली चूक आपल्याआधी वाचलेली असते. तो जागा बघून आलेला असतो, शेजारच्या कामावर त्याने खोदलेलं असतं. परिमाण वाढेल असं वाटतं तिथे तो दर चढवतो, घटेल असं वाटतं तिथे उतरवतो आणि बेरीज सांभाळतो. सुझन ॲथी आणि जोनाथन लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेच्या लाकूड लिलावांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच वागणं दिसलं. तिथे पैसे बोली लावणारा देतो, म्हणून दिशा उलटी. वनसेवेने ज्या जातीचं लाकूड प्रत्यक्षापेक्षा जास्त धरलं होतं, त्या जातीचे दर बोलीत चढवलेले. कागदावर बोली मोठी दिसे, भरावे लागत कमी.

माझ्या पाहण्यातलं एक प्रकरण सांगते. पुलाच्या पायासाठी पाणी उपसण्याची बाब होती, दर पंपाच्या तासावर. तास अगदी थोडे धरलेले. सर्वात कमी देकार देणाऱ्याने त्या बाबीला इतरांच्या कितीतरी पट दर भरला होता. एकूण रकमेत ती बाब इतकी लहान की तक्त्यात कुणाची नजर तिथे थांबली नसती. मी बोअरच्या नोंदी मागवल्या. भूजल पातळीच्या रकान्यापुढे तारीख होती भर उन्हाळ्याची, आणि कामाच्या वेळापत्रकात पायाची खोदाई होती पावसाळ्यात. तास धरणाऱ्याने तारीख पाहिली नव्हती, दर भरणाऱ्याने पाहिली होती. पावसाळ्याचे तास घालून हिशेब केला तेव्हा तो निविदाकार तिसऱ्या क्रमांकावर गेला. परिमाणं दुरुस्त करून फेरनिविदा काढली. नव्या फेरीत त्याच माणसाचा पाणी उपशाचा दर इतरांच्या बरोबरीने आला. कुणाला काळ्या यादीत टाकावं लागलं नाही की भांडावं लागलं नाही.

तुमच्या तक्त्यात एवढं करा. प्रत्येक बाबीसाठी सगळ्या निविदाकारांचे दर शेजारी शेजारी लिहा आणि त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा दर, काढा. सरासरी नको, एखादा भलताच दर तिला ओढून नेतो. मध्यकापासून कोण किती टक्के दूर आहे ते पाहा. मग त्या बाबींवर खूण करा ज्यांचं परिमाण हलू शकतं : जमिनीखालचं सगळं, पाणी उपसा, भराव, जुनं बांधकाम पाडणं, तात्पुरता वळणरस्ता. जिथे दरही वाकडा आणि परिमाणही हलणारं, तिथेच वेळ घालवा. रंगकामाचा दर थोडा वरखाली असेल तर सोडून द्या, भिंतींचं क्षेत्रफळ नकाशावरून नक्की असतं. आणि एखाद्या मोठ्या बाबीला कुणी नावापुरता १ दर भरला असेल तर ती बाब पुढे रद्द होण्याची शक्यता किती आहे, हे संकल्पचित्र करणाऱ्यालाच विचारा. कधीकधी ती रद्द होणार ही कुणकुण बाहेर आधीच पोचलेली असते.

वाकडा दर म्हणजे लबाडीच असं मात्र गृहीत धरू नका. कुणाची स्वतःची खाण असते, कुणाकडे आधीच्या कामाचं सेंट्रिंगचं सामान पडून असतं. त्यांचा दर खरोखरच कमी बसतो. म्हणून अमेरिकेतल्या केंद्रीय निधीच्या महामार्गांच्या नियमांत दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. बाबीचे दर वाजवी खर्च आणि नफा आणि कार्यालय वगैरेंच्या वरखर्चाचा रास्त वाटा यांच्याशी जुळत नसतील, तर निविदा गणिती दृष्ट्या असंतुलित. ती स्वीकारल्यास अंतिम खर्च सर्वात कमी राहील का, याबद्दल वाजवी शंका येत असेल, तर ती वस्तुतः असंतुलित. पहिली पायरी दाखवून भागत नाही, दुसरी सिद्ध करावी लागते. वरच्या ९१ घनमीटरसारखा तुमचा हिशेब हा दुसऱ्या पायरीचा पुरावा आहे.

यावर कुणी म्हणेल, परिमाण बदललं तर दर बदलायचं कलम आहेच की कंत्राटात. आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या ‘लाल पुस्तका’तलं, म्हणजे बांधकाम कंत्राटाच्या नमुना अटींतलं, १२.३ कलम पाहा. परिमाण १० टक्क्यांहून जास्त बदललं पाहिजे, त्या बदलाची मूळ दराने होणारी रक्कम स्वीकृत कंत्राट रकमेच्या ०.०१ टक्क्यांहून जास्त हवी, आणि त्या बदलामुळे त्या बाबीचा एककामागचा खर्च थेट १ टक्क्याहून जास्त बदललेला हवा. शिवाय ती बाब ‘स्थिर दराची’ म्हणून नोंदलेली नको. तिसरी अट नीट वाचा. खडक तिप्पट निघाला म्हणून घनमीटरमागचा खर्च बदलतोच असं नाही. मूळ दरच फुगवलेला होता, ही तक्रार या कलमात बसत नाही. ती करायची जागा निविदा छाननीतच आहे.

आता काय करता येईल? लेखी दरपृथक्करण मागवा : मजुरी, यंत्रं, साहित्य, वाहतूक, नफा वेगवेगळे. उघडलेल्या निविदेतली परिमाणं आपल्या मनाने बदलून नवा क्रम लावून काम देऊ नका, ते कुठेही टिकणार नाही. शंका पक्की ठरली तर तुमच्या निविदेच्या अटींत असलेल्या तरतुदीने ती नाकारा किंवा परिमाणं सुधारून फेरनिविदा काढा. हिशेबात क्रम उलटत नसेल तर कारणं नोंदवून काम देऊन टाका.

प्रश्न : मी लेखापरीक्षक आहे. एका इमारतीच्या कामात साइट उभारणी, पाया आणि जोता या बाबींचे दर चढे आहेत, तर गिलावा, फरशी, रंग यांचे अगदी कमी. परिमाणं सगळी नक्की आहेत, बदलणार नाहीत. मग आक्षेप घ्यायचा कशावर?

काळावर. परिमाण हलत नसलं तरी पैसे कधी जातात हे हलतंच. पूर्ण काम १०० चं आहे असं धरा. ४० टक्के काम झालं तेव्हा ठेकेदाराच्या हाती ५५ गेलेले असतील, तर मधल्या काळात तो तुमच्या पैशावर काम करतो आहे. एवढ्यावर थांबलं तर नुकसान व्याजापुरतं. पण त्याने तिथेच काम सोडलं तर? उरलेलं काम ६० चं आणि शिल्लक ४५. नवा ठेकेदार गिलावा-फरशीच्या त्या कमी दरांत येणार नाही, आणि अर्धवट इमारतीत कुणी राहायला जाऊ शकत नाही. मला या प्रकारातली सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते, कारण भुर्दंड शेवटी त्या इमारतीची वाट पाहणाऱ्यांना बसतो.

तपासायला प्रत्येक निविदाकाराची महिनावार देयकं कामाच्या वेळापत्रकावर मांडा आणि एकाच व्याजदराने आजच्या किमतीत आणा. क्रम बदलला तर आक्षेप पक्का. बदलला नाही तरी तारण वाढवून मागता येतं का ते अटींत पाहा. जागतिक बँकेच्या बांधकामांच्या प्रमाणित निविदा दस्तऐवजांत अशी तरतूद होती : देकार गंभीरपणे असंतुलित किंवा सुरुवातीला भार टाकणारा (सुरुवातीच्या बाबींचे दर चढवलेला) असेल तर दरपृथक्करण मागवायचं, आणि गरज वाटल्यास कार्यपूर्तीची हमी निविदाकाराच्या खर्चाने वाढवून घ्यायची. पुढच्या कामासाठी साइट उभारणीची रक्कम एकदम न देता कामाच्या प्रगतीबरोबर हप्त्यांनी देण्याची अट घाला. मग त्या बाबीत पैसे कोंबण्यात कुणालाच रस उरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे रस्त्यांच्या निविदा येतात चार-पाच, पण सगळ्यांच्या रकमा एकमेकींना चिकटलेल्या. जिंकणारे आळीपाळीने बदलतात. संगनमत आहे असं सगळेच खासगीत म्हणतात. आकड्यांवरून ते ओळखता येतं का?

संशय घेण्याइतकं येतं, सिद्ध करण्याइतकं नाही. हा फरक मनात पक्का ठेवा.

पहिला आकडा काढा तो विचलन गुणांकाचा, म्हणजे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) भागिले सरासरी. चार देकार १००, १०२, १०३, १०४ असे असतील तर तो येतो सुमारे १.७ टक्के. १००, १०८, ११७, १२५ असे असतील तर सुमारे ९.६ टक्के. स्वतंत्रपणे हिशेब करणाऱ्या माणसांची यंत्रं वेगळी, अंतरं वेगळी, हातातली कामं वेगळी. त्यांचे आकडे थोडे पसरायलाच हवेत. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात १९९९ ते २००५ या काळात रस्ते बांधणाऱ्या कंपन्यांनी लेखी करार करून कामं वाटून घेतली होती. त्या काळातल्या देकारांचा हा गुणांक सुमारे ३ टक्क्यांच्या आसपास होता, आणि संगनमत मोडल्यावर तो स्पष्टपणे वाढला. डेव्हिड इमहॉफ या अर्थशास्त्रज्ञाने हे आकडे तपासून त्यातून संशयास्पद निविदा वेगळ्या काढण्याची चाळणी तयार केली. त्याच्या कामातली दुसरी खूण मला जास्त उपयोगी वाटते. हरण्यासाठी भरलेले देकार एकमेकांच्या जवळ असतात, पण पहिला आणि दुसरा यांच्यात मोकळं अंतर सोडलेलं असतं, चुकून भलताच जिंकू नये म्हणून. म्हणून पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर आणि हरलेल्यांमधलं आपसातलं अंतर यांची तुलना करा.

एका निविदेवरून काहीच ठरवू नका. काही वर्षांच्या सगळ्या निविदा एका तक्त्यात घ्या : कोण कुठल्या भागात जिंकतो, कोण नेहमी दुसरा येतो, हरलेला पुढे त्याच कामावर पोटठेकेदार म्हणून दिसतो का, ऐन वेळी कोण माघार घेतो. कागदही बघा. दोन वेगळ्या निविदांत तीच बेरजेची चूक, तेच चुकीचं शुद्धलेखन, हरलेल्याचा प्रत्येक बाबीचा दर जिंकलेल्याच्या दराच्या नेमका तितकेच टक्के वर. माणसं बाबीगणिक विचार करतात तेव्हा असं घडत नाही.

आणि मग गप्प राहा. हे मी फार कळकळीने सांगते. संशय आल्याबरोबर निविदाकारांना बोलावून जाब विचारला की पुरावे त्याच दिवशी नाहीसे होतात. टिपण करा, मूळ पाकिटं आणि फाइली सुरक्षित ठेवा आणि स्पर्धाविषयक यंत्रणेकडे द्या. आकड्यांच्या पुढचा पुरावा बहुतेकदा आतला माणूस देतो. नेदरलँड्समध्ये २००१ साली ॲड बोस या एका बांधकाम कंपनीच्या माजी संचालकाने गुप्त हिशेबवह्या उजेडात आणल्या, आणि त्यातून २००२ मध्ये संसदेची चौकशी झाली. कागद जपलेले होते म्हणून ती चौकशी उभी राहू शकली.

प्रश्न : एक देकार अंदाजपत्रकापेक्षा २८ टक्क्यांनी कमी आला आहे. समितीतले काहीजण म्हणतात, सरळ बाद करा, हा काम अर्धवट सोडणार. बाद करावं का?

न विचारता बाद करू नका. युरोपीय न्यायालयाने १९८९ मध्ये फ्रातेल्ली कोस्तान्झो प्रकरणात हेच ठरवलं : ठरावीक गणिती मर्यादेच्या खाली गेला म्हणून देकार आपोआप वगळता येत नाही, निविदाकाराला बाजू मांडू द्यावी लागते. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदीविषयक निर्देशाचं ६९ वं कलमही आधी स्पष्टीकरण मागायला लावतं. ते समाधानकारक नसेल तर देकार नाकारता येतो. आणि कमी दर पर्यावरण, समाज किंवा कामगारविषयक कायद्यांचं पालन न केल्यामुळे आला असेल, तर तो नाकारावाच लागतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मजुराच्या ताटातून काढून दिलेली सवलत ही सवलत नव्हे.

आधी बाकीचे देकार बघा. तेही वीस-बावीस टक्क्यांनी खाली असतील तर हा माणूस वेडा नाही, तुमचं अंदाजपत्रक शिळं आहे. बाकीचे अंदाजपत्रकाच्या आसपास आणि हा एकटाच खाली असेल तर दरपृथक्करण मागवा आणि त्यात तीन गोष्टी शोधा. मजुरी कायद्याने ठरलेल्या दराहून कमी धरली आहे का? साहित्याचा वापर मानकांपेक्षा कमी दाखवला आहे का, म्हणजे घनमीटर काँक्रीटमागे सिमेंट किंवा टनामागे सळईची तूट? आणि एखादी बाब वाचायचीच राहून गेली आहे का? राहून गेली असेल तर तो स्वतःच हादरलेला असतो. पत्र पाठवल्यावर दोन ओळींचं उत्तर येतं की पानभर हिशेब येतो, यावरूनही बरंच कळतं.

हिशेब पटला तर काम द्या, आणि देखरेखीला असा माणूस ठेवा जो काँक्रीट पडत असताना साइटवर उभा राहील. पटला नाही तर कुठली बाब, किती तूट आणि त्याने काय उत्तर दिलं हे लिहून नाकारा. ‘दर अव्यवहार्य वाटतात’ एवढंच लिहिलेली टिपणी आव्हानापुढे टिकत नाही.